‘चालून जाईल’ आणि इमान

मोटारीच्या गोष्टी निघाल्या की दोघांचेच नाव घेतले जाते. एक इंजिनचे आणि दुसरे चालवणाऱ्याचे. इंजिन दमदार आहे म्हणतात, ड्रायव्हरचा हात साफ आहे म्हणतात. या दोघांच्या मध्ये जे असते त्याला कुणी विचारत नाही. हातातला गिअरचा दांडा आणि गाडीच्या पोटातली गिअरपेटी यांना जोडणारी एक सळई असते. तिच्या टोकांना बुश असतात, एखादा वायसर, एक पिन, एक नट असतो. गॅरेजात या सगळ्याला मिळून ‘लिंक’ म्हणतात. गाडीच्या किमतीत तिची किंमत कुठे दिसत नाही. पण हाताने जे ठरवले ते चाकापर्यंत पोचवायचे काम तिचेच. माणसाची नियत आणि त्याची कृती यांच्यामध्ये काय असते, यावर शहाण्या लोकांनी पुष्कळ लिहिले आहे. लिंक ढिली झाली की तोच प्रश्न मिस्त्रीला गाडीखाली उताणे पडून सोडवावा लागतो.

मला इथे मांडायचा आहे तो प्रश्न साधा आहे. जी दुरुस्ती कुणाला दिसणार नाही, जिच्यातला दोष कळेपर्यंत गाडी फार लांब गेलेली असेल, तिथे दुरुस्त करणाऱ्याची जबाबदारी कुठपर्यंत जाते? ‘चालून जाईल’ हे आपल्याकडचे रोजचे वाक्य केव्हा इमानाचे असते आणि केव्हा बेइमानीचे?

हा प्रश्न बीडसारख्या जिल्ह्यात नुसता पुस्तकी नाही. परळीला निजामाच्या काळापासून रेल्वे आहे, पण बीड शहरात प्रवासी गाडी आली ती १७ सप्टेंबर २०२५ या दिवशी. तोपर्यंत बीडचे सगळे जगणे रस्त्यावर चालले. एसटी, काळीपिवळी जीप, ऊसतोडीला जाणारे ट्रक आणि ट्रॅक्टर, सरकारी कचेऱ्यांच्या पांढऱ्या ॲम्बेसेडर. आजारी माणूस, बाळंतीण, परीक्षेचा मुलगा, कापसाचे गाठोडे, सगळे चाकांवर. त्यामुळे नाक्यानाक्यावर गॅरेज उभे राहिले. मिस्त्री हा आमच्या मोहल्ल्यातला वैद्यासारखाच माणूस. वैद्याकडे जसा विश्वासाने हात पुढे करायचा, तशी याच्याकडे विश्वासाने चावी द्यायची.

ज्यांनी जुनी ॲम्बेसेडर किंवा प्रीमियर पद्मिनी चालवली आहे, त्यांना लिंक म्हणजे काय हे सांगायला नको. या गाड्यांचा गिअरचा दांडा जमिनीवर नव्हता, स्टिअरिंगच्या खांबालाच होता. दांडा आपल्याकडे ओढायचा किंवा पलीकडे ढकलायचा, त्याने गिअरची जोडी निवडली जायची. मग वर किंवा खाली करायचा, त्याने गिअर पडायचा. हाताची ही दुहेरी हालचाल खांबाच्या तळाशी असलेल्या छोट्या हातांवरून आणि सळयांवरून गिअरपेटीपर्यंत जायची. बुश झिजले की सळया एका रेषेत राहत नसत. पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधे कुठे तरी दांडा अडकून बसे. भर बाजारात ड्रायव्हर उतरे, बॉनेट उघडे, हात घालून सळई जागेवर ओढे, हात फडक्याला पुसे आणि पुढे निघे. मागच्या गाड्यांचे हॉर्न वाजत राहत. हिंदुस्थान मोटर्सने १९५७ पासून २०१४ पर्यंत ॲम्बेसेडर बनवली. ३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सीही निवृत्त झाली. तिच्याबरोबर बॉनेटमध्ये हात घालण्याची ती कलाही हळूहळू जाईल.

पण त्या गाड्यांची एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्यांचा दोष बोलका होता. बुश झिजला की दांडा हातात लटपटे, खडखड करी, अडे. हाताला लगेच कळे. जो दोष स्वतःहून ओरडून सांगतो तो निम्मा इमानदार असतो. त्याच्यावर केलेला जुगाडही पुष्कळदा माफ होतो, कारण जुगाड सुटला तर गाडी नुसती उभी राहते.

स्वयंचलित गिअरच्या गाडीत गोष्ट बदलते. अमेरिकेत ओल्डस्मोबिलच्या १९४० च्या मॉडेलात जनरल मोटर्सने हायड्रामॅटिक गिअरपेटी दिली आणि क्लच दाबायचे काम पायाचे राहिले नाही. अशी जुनी गाडी आमच्या भागात क्वचितच दिसते. मोठ्या शहरातल्या हौशी माणसाच्या अंगणात एखादी असते. या गाडीत दांडा हलवला म्हणजे गिअर पडला असे नसते. दांडा सळईला ओढतो, सळई गिअरपेटीच्या बाजूचा एक छोटा हात फिरवते, तो हात आतली एक झडप सरकवतो. ती झडप तेलाचा दाब कुठे जायचा ते ठरवते, आणि मग तो दाब बाकीचे काम करतो. आत दातेरी तुकड्याला खाचा असतात. स्प्रिंगने दाबलेली गोळी किंवा चाकी एका खाचेतून दुसऱ्या खाचेत बसते. ती खाच हीच खरी जागा. बाहेर डॅशबोर्डवर मात्र अक्षरे असतात : पी म्हणजे उभी, आर म्हणजे मागे, एन म्हणजे मोकळी, डी म्हणजे पुढे. त्या अक्षरांवर एक काटा फिरतो.

म्हणजे एकाच गोष्टीच्या तीन जागा झाल्या. हाताला वाटते ती एक, काटा दाखवतो ती दुसरी आणि आत खाचेत असते ती तिसरी. बुश झिजला, सळई किंचित वाकली, नट सरकला की या तिघांची फारकत होते. काटा ‘डी’वर असतो आणि झडप अर्धवट उघडी. तेलाचा दाब पुरेसा जात नाही, आतल्या क्लचच्या चकत्या घसरतात, तापतात, जळतात. पुष्कळदा फारसा आवाज न करता. काटा ‘पी’वर असतो आणि आत गाडी रोखणारी खुंटी दात्यात बसलेलीच नसते. हाताला काही कळत नाही. हा मुका दोष. आणि मुक्या दोषाच्या बाबतीत सगळी जबाबदारी ज्याने आत पाहिले आहे त्याच्यावर येते.

ही दुरुस्ती घरी करता येते, करणारे करतातही. गाडी सपाट जागेवर घ्यायची, हातब्रेक ओढायचा, चाकांना पुढून मागून ठोकळे लावायचे, नुसत्या जॅकच्या भरवशावर अंग खाली घालायचे नाही, पक्के स्टँड द्यायचे. झिजलेला बुश काढून नवा बसवायचा. मग मुख्य काम. आधी गिअरपेटीच्या बाजूचा हात ठरलेल्या खाचेत बरोबर बसवायचा. बहुतेक गाड्यांत ती खाच मोकळ्या गिअरची, काहींत उभीची, पुस्तकात सांगितलेली असते. नंतर वरचा दांडा त्याच अक्षरावर ठेवायचा. मगच सळईचा नट आवळायचा. पुढे प्रत्येक अक्षरावर दांडा नेऊन खाच हाताला लागते की नाही ते पाहायचे. ब्रेक दाबून धरायचा आणि इंजिन फक्त ‘पी’ आणि ‘एन’वरच सुरू होते ना, ते पाहायचे. शेवटी हलक्या उतारावर, पाय ब्रेकपासून फार लांब न नेता, ‘पी’ गाडी धरते का हे पाहायचे.

या कामातला क्रम मला फार मोलाचा वाटतो. आधी आत, मग बाहेर. आतली खाच प्रमाण मानायची आणि बाहेरचे तिच्याशी जुळवून घ्यायचे. उलटेही करता येते, आणि ते सोपे असते. काटा ‘डी’च्या जरा अलीकडे दिसतो ना? मग काट्याची तार थोडी ओढून द्यायची, काटा अक्षरावर बसतो, गिऱ्हाईक खूश होते. आत जे होते ते तसेच राहते. गाडीखाली न जाता दुरुस्ती होते. काट्याला आत काय आहे ते सांगायला लावायचे, की पाहणाऱ्याला हवे ते दाखवायला लावायचे, हा प्रश्न फक्त मोटारीचा नाही हे वाचकांना सांगायला नको. शाळेच्या निकालात, कचेरीच्या अहवालात, घराच्या प्रतिष्ठेत आपण कितीदा तार ओढून घेतो हे ज्याचे त्याला माहीत.

आता एक मोठे उदाहरण पाहू. अमेरिकेत फोर्ड कंपनीच्या १९६६ ते १९८० या काळातल्या स्वयंचलित गिअरच्या गाड्यांबद्दल तक्रारी झाल्या. चालवणारा दांडा ‘पी’वर ठेवून उतरतो, इंजिन चालू असते, आणि गाडी आपोआप मागे जाऊ लागते. तक्रार अशी की दांडा ‘पी’ आणि ‘आर’च्या मधे अडून राहतो, बाहेरून तो ‘पी’वरच असल्यासारखा वाटतो, आणि थरथरीने ‘आर’कडे घसरतो. माणसे जखमी झाली, मेलीही. कंपनीचे म्हणणे होते की चालवणाराच दांडा पुरता बसवत नाही. १९८० च्या अखेरीस सरकारशी तडजोड झाली. सुमारे २ कोटी ३० लाख गाड्यांच्या मालकांना एक चिकटपट्टी पाठवायची असे ठरले. डॅशबोर्डवर लावायची सूचना : दांडा नीट ‘पी’वर ठेवा, हातब्रेक ओढा, इंजिन बंद करा. गाड्या परत बोलावून आतली दुरुस्ती करायची असे ठरले नाही.

हे वाचले की आपल्याला संताप येतो. दुरुस्ती द्यायच्या जागी सूचना दिली! सूचनेने जबाबदारी गाडी बनवणाऱ्याच्या खांद्यावरून चालवणाऱ्याच्या खांद्यावर ढकलली गेली. शिवाय ज्याला इजा होणार होती तो पुष्कळदा चालवणारा नव्हताच. गाडीमागे खेळणारे मूल चिकटपट्टी वाचत नाही.

संताप योग्यच आहे. पण तो तेवढ्यावर थांबवला तर आपण आपल्याला सोयीचा न्याय केला असे होईल. कारण आमच्या गल्लीतला मिस्त्रीही रोज असेच काही करतो. बुश मिळत नाही. जुन्या गाडीचे सामान छत्रपती संभाजीनगरहून किंवा पुण्याहून मागवावे लागते. गिऱ्हाइकाला आजच जायचे आहे. मिस्त्री सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून बुशाच्या जागी गुंडाळतो, वरून तार आवळतो आणि सांगतो, “काम चालून जाईल भाई, पण जपून. पुढच्या आठवड्यात नवीन टाकून घ्या.” हीसुद्धा चिकटपट्टीच नाही का? फक्त छापलेली नाही, तोंडी आहे.

काहीजण म्हणतील, तुलनाच चुकीची. कंपनीकडे पैसा, इंजिनिअर, वेळ, सगळे होते. मिस्त्रीकडे एक पकड, चार पाने आणि दिवस मावळायच्या आत मिळणारी मजुरी. हे खरे आहे आणि ते मोजलेच पाहिजे. ज्याची ताकद जास्त त्याची जबाबदारी जास्त. जो बदलू शकत होता आणि बदलले नाही, त्याचा दोष मोठा. ज्याला बदलणे शक्यच नव्हते, त्याने निदान सांगितले, तर त्याने आपल्या हातातले केले. त्यामुळे मी जुगाडाला सरसकट नावे ठेवणार नाही. जुगाड म्हणजे लबाडी, असे सुटे भाग दारात मिळणाऱ्या शहरातला माणूसच म्हणू शकतो. रात्री मांजरसुंब्याच्या घाटात बंद पडलेल्या जीपमध्ये आजारी माणूस असेल तर त्या वेळी तार बांधून गाडी चालू करणारा हात हाच सगळ्यात नेक हात असतो.

तरीही एक अडचण उरते. ताकद कमी असल्याने मिस्त्रीचा दोष कमी होतो, पण गाडीमागच्या मुलाचा धोका कमी होत नाही. गिऱ्हाइकाला सांगितले, त्याने मान डोलावली, हा सौदा त्या दोघांतला झाला. तिसऱ्याला कुणी विचारलेले नाही. म्हणून सांगण्याने जबाबदारी हलकी होते, संपत नाही. माझ्या मते ‘चालून जाईल’ हे वाक्य इमानाचे ठरायला तीन अटी आहेत. पहिली, तात्पुरते आहे ते तात्पुरते म्हणूनच सांगितले पाहिजे. ट्यूबच्या तुकड्याचे पैसे बुशाच्या भावाने घेतले की अट मोडली. दुसरी, जुगाड सुटलाच तर गाडी उभी राहिली पाहिजे, सुटली नाही पाहिजे. ॲम्बेसेडरची सळई अडली तर गाडी अडते. पण गाडी रोखून धरणाऱ्या जागी, ब्रेकला किंवा ‘पी’च्या खाचेला तार बांधणे ही वेगळी जात आहे. तिसरी, ज्याचा जीव पणाला लागतो त्याला ते माहीत असले पाहिजे, आणि ज्याला माहीत करून देता येत नाही त्याच्यासाठी दुसरा आधार ठेवला पाहिजे.

हा दुसरा आधार काय असतो हे आमच्या ट्रकवाल्यांना शिकवावे लागत नाही. घाटात ट्रक उभा राहिला की क्लीनर पहिल्यांदा उडी मारतो आणि चाकामागे लाकडी ठोकळा किंवा दगड ठेवतो. ब्रेक ठीक असला तरी ठेवतो. यात ब्रेकवर अविश्वास नाही. आपल्याला सगळे आतले दिसत नाही, एवढे मान्य करण्याची ही नम्रता आहे. मिस्त्रीला बुश मिळाला नाही तर तो गाडी अडवून धरू शकणार नाही कदाचित, पण ठोकळा गाडीत टाकून देऊ शकतो. आणि काही कामांना ‘नाही’ म्हणू शकतो. त्या दिवशीची मजुरी जाईल. इमानाची किंमत अशीच रोख द्यावी लागते, आणि ती गरिबाला जास्त पडते, हे लिहिताना मला विसरायचे नाही.

कुणी म्हणेल, ही सगळी कटकट सळईच्या काळातली होती. आता गाड्यांमध्ये सळईच नसते, तारेतून इशारा जातो आणि संगणक गिअर बदलतो. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओबरोबर स्वस्त स्वयंचलित गिअर भारतात आला, आणि आता तालुक्याच्या गावीही क्लच नसलेल्या गाड्या दिसतात. पण सळई गेली म्हणून प्रश्न गेला नाही. फियाट क्रायस्लरच्या काही गाड्यांत गिअरचा दांडा असा होता की कुठलाही गिअर निवडा, दांडा परत मधल्या जागी येऊन उभा राही. हाताला खूण मिळत नव्हती. माणसे गाडी ‘पी’वर आहे समजून उतरत आणि गाडी घरंगळे. एप्रिल २०१६ मध्ये कंपनीने जगभरातल्या ११ लाखांवर गाड्या परत बोलावल्या. दुरुस्ती सगळ्यांपर्यंत पोचायच्या आत, त्याच वर्षी जूनमध्ये अभिनेता अँटन येल्चिन आपल्याच घराच्या उतारावर स्वतःच्या जीप आणि फाटकाच्या खांबामध्ये चिरडून मरण पावला. त्या गाड्यांत झिजायला बुश नव्हता. तरी हात आणि आतली जागा यांची फारकत झालीच. पण एक फरक पाहा. या वेळी नुसती चिकटपट्टी दिली नाही. चालवणारा दार उघडून उतरू लागला तर गाडीने स्वतः ‘पी’ घ्यावे अशी सोय प्रणालीत बसवली गेली. १९८० ला माणसाला सांगितले की तू चुकू नकोस. २०१६ ला, उशिरा का होईना, माणूस चुकणारच हे धरून दुरुस्ती केली. माझ्या तिसऱ्या अटीतला ठोकळा तो हाच.

जुन्या मुस्लिम शहरांच्या बाजारात मुहतसिब नावाचा अधिकारी असे. वजने-मापे तपासणे, भेसळ पकडणे, कारागिरांच्या कामावर नजर ठेवणे हे त्याचे काम. बाराव्या शतकात सिरियात शैझरीने या अधिकाऱ्यासाठी ग्रंथ लिहिला, त्यात एकेका धंद्यातल्या फसवणुकीच्या युक्त्या नोंदवल्या आहेत. म्हणजे आठशे वर्षांपूर्वीच्या लोकांनाही ठाऊक होते की जे काम गिऱ्हाइकाला कळत नाही तिथे कुणी तरी पाहणारा लागतो. आज गाडीखाली कोण पाहतो? विमा कंपनी पाहत नाही, आरटीओ बुशापर्यंत पोचत नाही. आणि घरी स्वतःची गाडी दुरुस्त करणाऱ्याला तर मुळी कुणीच पाहत नाही; मिस्त्री तोच, गिऱ्हाईक तोच, मुहतसिबही तोच. तिथे माणसाचे इमान उघडे पडते. आपण चावी देतो तेव्हा फक्त गाडी सोपवत नाही, आपले अज्ञानही सोपवतो. ती अमानत आहे. गाडी चोरली तर पोलीस येतात. अज्ञानाचा फायदा घेतला तर कुणी येत नाही.

यातूनच शेवटच्या मुद्द्यावर येतो. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने दाखवले की देशातले मुसलमान मोठ्या प्रमाणात स्वतःच्या छोट्या धंद्यांवर जगतात, आणि वाहनदुरुस्ती हा त्यातला एक. आमच्याकडे हे अहवाल वाचून कळले नाही. ते मोहल्ल्यात फिरताना दिसते. ग्रीसने काळे झालेले हात आमच्या कितीतरी घरांत चूल पेटवत आले. आणि त्याच घरांत, मुलगा शिकला की त्याने पाना हातात धरू नये, असे वाटू लागले. मुलांना शाळा सोडून गॅरेजात घालू नये, हे शंभर टक्के बरोबर. दहा वर्षांच्या मुलाची जागा वर्गातच आहे. पण त्याबरोबर आपण आणखी एक गोष्ट टाकून देतो. हे काम खालच्या दर्जाचे आहे, त्यात विचार करण्यासारखे काही नाही, असे मुलाच्या मनात भरतो. मग आयटीआयचे मोटार मेकॅनिकचे प्रमाणपत्र घेऊन तो येतो आणि प्रमाणपत्र हेच काम समजतो. प्रमाणपत्र हाही डॅशबोर्डवरचा काटाच. आतली खाच जुळली असेल तर त्याला मोल आहे.

चांगला मिस्त्री शिकाऊ पोराला जे शिकवतो ते फक्त नट आवळणे नसते. काम झाले, नट आवळला, पाने गोळा केले, तरी तो पोराला गाडीखालून लगेच निघू देत नाही. सळई बोटांत धरून एकदा हलवून बघ म्हणतो. वर मालक वाट पाहत असतो, घड्याळ पुढे जात असते, हलवून पाहिले की नाही हे कुणाला कधीच कळणार नसते. पोरगा सळई हलवतो. पुस्तकात ज्याला नीती म्हणतात, तिचा पहिला धडा आमच्याकडे असा दिला जातो. तो धडा आपण मोलाचा मानायचा की कमीपणाचा, हे शिकलेल्यांनी ठरवायचे आहे.